एकतीस उलटी झाकणे

मित्रांनो, जरा मान वर करून बघा. पत्र्याच्या शेडच्या दारात तारेला टांगलेला, हातभर लांबीचा आणि गंजाने तांबूस झालेला मी रुळाचा एक जुना तुकडा आहे. माझ्यावरून कधी आगगाडी धावली असेल, तर ती मला आठवत नाही. आठवते ती फक्त करवत. परळीच्या भंगारवाल्याने मला लांबलचक रुळापासून कापले, तो माझ्या आयुष्यातला पहिला धक्का. पुढे धक्के बसतच गेले, कारण माझी रीतच तशी आहे. कुणी मारल्याशिवाय मला बोलता येत नाही.

एका हेडमास्तरांनी मला एसटीच्या टपावर टाकून चौसाळ्याला आणले आणि तिथून बैलगाडीने वर डोंगरातल्या आपल्या शाळेत नेले. त्या काळी बीडला रेल्वे आलेली नव्हती. त्या गावच्या पोरांनी रूळ पहिल्यांदा पाहिला तो माझ्या रूपात, शाळेच्या कडुलिंबाला लटकलेला. मी शाळेची घंटा झालो. शिपाई हरिबा मला हातोडीने वाजवत असे. तो बायकोशी भांडून आला की प्रार्थनेचे ठोके असे पडत की लिंबावरचे पोपट उडून जात. शाळा सुटल्याच्या ठोक्याला मात्र पोरे असा कल्ला करत की मला वाटे, या गावात आपल्याइतके लाडके कुणीच नसेल.

मला हात लावण्याचा मान एकट्या हरिबाचा होता. तरी एकदा तेजश्री नावाच्या चौथीतल्या मुलीने पळत येऊन हातोडी उचलली आणि मला जोराचा ठोका दिला. गुरुजी धावत आले. काही विचारण्याआधीच त्यांनी तिच्या कानशिलात लगावली. मग कळले की पहिलीच्या वर्गात साप निघाला होता. पोरे वाचली, साप गेला, गुरुजी ओशाळले, पण ती थप्पड काही परत घेता आली नाही. खरे सांगतो, त्या दिवशी मला सापापेक्षा थप्पडीचा धक्का जास्त बसला. जिने सगळ्यांना सावध केले, तिलाच मार का, हे मला कितीतरी दिवस कळले नाही.

पुढे शाळेत विजेची घंटा आली. मला उतरवून पाण्याच्या टाकीमागे टाकले. तिथे मी अकरा वर्षे पडून होतो. माझ्यावर कोंबड्या बसल्या, गवत वाढले. हरिबा वारला, तेही मला फार उशिरा कळले. वीज गेली की शिपाई नुसती आरोळी ठोकून शाळा सोडायचा, पण चार पावलांवर पडलेली घंटा कुणालाही आठवली नाही.

आठवली ती तेजश्रीला. ती आता तेहतीस वर्षांची झाली होती. पुण्याच्या एका कंपनीत दहा वर्षे काम करून ती गावी परतली होती आणि डोंगराच्या पायथ्याला तिने सीताफळाचा गर काढण्याचा छोटा कारखाना सुरू केला होता. आमच्या डोंगरात सीताफळ न लावता उगवते. पिकले की दोन दिवसांत काळे पडते. आज फळांचे तीन टेंपो येतात, उद्या एकही नाही. अशा कामात सकाळी ठरवलेले दुपारी मोडावे लागते. तेजश्री म्हणायची, पुण्यात आमची टीम असेच काम करायची, त्याला अजाईल म्हणतात. वर्षभराचा बेत आखून डोळे मिटून पळायचे नाही. थोडे करायचे, बघायचे, चुकले तर लगेच वळायचे. आणि चूक ज्याला दिसेल त्याने ती सांगायची, मग तो कुणीही असो.

त्यासाठीच तिने मला उचलून आणले. रॉकेलने पुसले, या दारात टांगले आणि स्वतः एक ठोका दिला. अकरा वर्षांनी स्वतःचा आवाज ऐकून मीच दचकलो.

कारखान्यात चाळीस माणसे होती, बहुतेक बाया. रोज सकाळी दहा मिनिटे सगळ्यांनी गोल उभे राहून बोलायचे, अशी पद्धत तेजश्रीने घातली. पहिल्याच बैठकीत तिने नियम सांगितला. काही चुकताना दिसले की कुणीही मला एक ठोका द्यायचा. सगळे काम थांबेल. मग ठोका देणाऱ्याने सर्वांसमोर सांगायचे, कुणाच्या कामात काय चुकले. नाव घेऊन सांगायचे. पाठीमागची कुजबुज नको. चाळीसच्या चाळीस माना हलल्या. मला वाटले, गुरुजींची ती थप्पड आज खऱ्या अर्थाने पुसली गेली.

पहिल्या पंधरा दिवसांत मी सात वेळा वाजलो. त्यातले पाच ठोके मुक्ताबाईचे होते. मुक्ताबाई साठीची, विधवा, तोंडाने फटकळ. फुटका क्रेट दिसला, ठोका. दिपालीने हात न धुता चमचा घेतला, ठोका. दिपाली दोन दिवस तिच्याशी बोलली नाही, पण काम सुधारले. तेजश्री खूश झाली. फोनवर पुण्याच्या मैत्रिणींना ती सांगायची की आमच्याकडे कुणीही बिनधास्त घंटा वाजवतो. मीही छाती फुगवून लटकत होतो. मला वाजवणारे हात कोणाचे, हे मी मोजत होतो. न वाजवणारे हात कोणाचे, हे मोजायला हवे, हे माझ्या लोखंडी डोक्यात आलेच नाही.

त्या न वाजवणाऱ्यांत शिवकन्या होती. अंगाने बारीक, बोलणे कमी, पण जीभ अशी की कोणते फळ कोणत्या बाजूच्या डोंगरातले हे एका चमच्यात सांगायची. म्हणून गर चाखण्याचे काम तिच्याकडे होते. मागची सहा वर्षे ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात असे. मुलगी संस्कृती अर्धे वर्ष फडावर आणि अर्धे वर्ष शाळेत. या वर्षी पहिल्यांदाच त्या घराने ठरवले होते की कारखाना दिवाळीनंतर चालू राहिला तर जायचे नाही. आणि कारखाना चालू राहणार होता तो एका आइस्क्रीमवाल्या कंपनीच्या मागणीवर. पहिला माल पसंत पडला तर वर्षभर काम मिळणार होते. संस्कृतीची तिसरीची शाळा त्या मालावर अवलंबून होती.

गर काढायच्या यंत्रावर अंगद होता. आत एक ब्रश फिरतो, गर जाळीतून खाली येतो आणि बिया दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. अंगदचा हात यंत्रावर चांगला बसला होता. तो शिवकन्याच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे थोरल्या दिराला भाया म्हणतात. भायासमोर धाकटी भावजय डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्याच्याशी समोरासमोर बोलत नाही आणि त्याचे नाव तर तोंडातून काढतच नाही. ही गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तेजश्रीलाही माहीत होती. फक्त नियम करताना ती तिच्या डोक्यात आली नाही.

आता तो दिवस सांगतो. सकाळच्या बैठकीत तेजश्रीने अंगदचे कौतुक केले की काल यंत्र फार जोरात चालले, आज त्याहून जास्त होऊ द्या. अंगदने ब्रश आवळला. गर भराभर पडू लागला. दुपारी शिवकन्याने चमचा तोंडात घातला आणि तिचा चेहरा बदलला. तिने चूळ भरली, पुन्हा चाखले. ब्रश घट्ट झाला की बिया फुटतात, आणि फुटलेल्या बीची कडवट चव गरात उतरते.

ती उठली आणि माझ्याकडे आली. हातोडी उचलली. मी वाट बघत होतो. तेवढ्यात यंत्राजवळून अंगदने सहज मान वळवून तिच्याकडे बघितले. तिने पदर कपाळावर ओढला. हातोडी माझ्यापासून चार बोटांवर होती. मग तिने ती हळूच जागेवर ठेवली, आवाजही होऊ दिला नाही. मित्रांनो, मी अवाक झालो. इतक्या वर्षांत मला मारून अनेकांनी दुखवले होते. न मारता कुणी इतके हादरवले नव्हते.

पण शिवकन्या गप्प बसली नाही. तिने तिच्या परीने सांगितले. त्या गराचे एकतीस डबे भरले गेले, तेव्हा तिने प्रत्येकाचे झाकण उलटे ठेवले. आमच्या भागात घरातली बाई एखादे भांडे पालथे ठेवते, त्याचा अर्थ घरातल्या माणसांना कळतो. यातले काही घेऊ नका, एवढाच. कुणीतरी विचारील, मग आपण नाव न घेता सांगू, असे तिला वाटले असावे.

संध्याकाळी तेजश्री गाणे गुणगुणत डब्यांच्या रांगेपाशी आली. उलटी झाकणे बघून तिने कपाळाला हात लावला, हसली आणि स्वतःच्या हाताने एकेक झाकण सुलटे करून दाबत गेली. एकतीस वेळा टक् असा आवाज झाला. लांबून शिवकन्या बघत होती. मी ओरडायला आसुसलो होतो, पण मला मारणारे तिथे कुणी नव्हते. डबे थंड खोलीत गेले, आणि दोन दिवसांनी पुण्याला, त्या आइस्क्रीमवाल्या कंपनीकडे.

आठव्या दिवशी टेंपो भरलेलाच परत आला. सोबतच्या चिठ्ठीत कंपनीचे म्हणणे थोडक्यात होते. माल कडू आहे. दहा दिवसांत दुसरा नमुना द्या, तोही असाच निघाला तर आपला संबंध संपला. तेजश्रीने ते दोनदा वाचले. मग ती माझ्याकडे आली आणि तिने मला असे बडवले की तार तुटते की काय असे वाटले. सगळे गोळा झाले. हा गर कुणी चाखला होता, असे तिने विचारले. शिवकन्या दोन पावले पुढे आली.

"तुला कळलं होतं कडू आहे ते?"

"व्हय."

"मग घंटा कावून वाजवली न्हाई?" रागात तेजश्रीची पुण्याची भाषा गळून पडली होती.

शिवकन्याने पदर पुढे ओढला. तेजश्रीने तिला सांगितले की उद्यापासून येऊ नकोस. ती हे सगळ्यांसमोर म्हणाली. मला चौथीतली ती मुलगी आठवली, गालावर पाच बोटे उठलेली. आता तीच मुलगी गुरुजी झाली होती. माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना.

तेव्हा मुक्ताबाई पुढे आली. या वेळी तिने मला हात लावला नाही.

"तेजू, नियम तूच केलास ना, नाव घ्यायचं म्हणून? मशीनवर तिचा भाया हाय. तिनं त्येचं नाव चारचौघांत कसं घ्यावं, तूच सांग. तुझ्या आईनं घेतलं असतं का? तरीबी पोरीनं झाकणं उलटी ठिवलीती. एकतीस. ती सुलटी कुणी केली?"

तेजश्रीच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरलेले मला वरून दिसले.

"मी," ती म्हणाली.

अंगद यंत्रापाशी उभा होता. आपल्या यंत्रातून कडू गर गेला, हे त्याला त्याच क्षणी पहिल्यांदा कळत होते, आणि तेही सगळ्या गावासमोर. तो हात पुसत बाहेर पडला आणि मागे न बघता निघून गेला. त्याच्या मागे बाया पांगल्या. शिवकन्या सगळ्यात शेवटी गेली. जाताना तिने आपला चमचा धुऊन जागेवर ठेवला.

त्या रात्री तेजश्री दोन्ही घरी जाऊन आली म्हणे. तिथे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. सकाळी शिवकन्या आली, अंगद आला नाही. बैठकीत तेजश्रीने मला एक ठोका दिला आणि सगळ्यांपुढे उभी राहिली, कारण ठोका देणाऱ्याने सर्वांसमोर सांगायचे असा तिचाच नियम होता. मग तिने नाव घेतले. स्वतःचे. ती म्हणाली, "तेजश्री. झाकणं मी सुलटी केली, कुणाला विचारलं नाही. नियमही मीच केला, तोही कुणाला विचारला नाही. लहानपणी ही घंटा वाजवली म्हणून मी मार खाल्लाय. तरी काल मी गुरुजींसारखंच केलं." मालकिणीने चाळीस माणसांसमोर असे बोललेले मी कधी ऐकले नव्हते. बायांनीही ऐकले नव्हते. त्या एकमेकींकडे बघू लागल्या.

नियम तिथेच बदलला. ठोका द्यायचा आणि गप्प उभे राहायचे. नाव नाही, कारण नाही. सगळ्यांनी मिळून शोधायचे. मी मनात म्हटले, चला, सुटलो. पण पुढचे चार दिवस मला कुणीही वाजवले नाही. मुक्ताबाईनेसुद्धा नाही. मला पुन्हा धक्का बसला. नियम बदलला, तरी हात बदलले नव्हते. तिसऱ्या दिवशी अंगद कामावर आला, पण कुणाशी बोलला नाही. गावात साखर कारखान्यांचे ट्रक येऊन उभे राहू लागले होते आणि घराघरांत ऊसतोडीची बांधाबांध सुरू झाली होती.

तोडगा काढला मुक्ताबाईने. ती म्हणाली, देवळात शिरताना आपण घंटा वाजवतो, तेव्हा कुणी विचारतं का, कुणाची चूक झाली म्हणून? इथेही येताना प्रत्येकाने वाजवावी. काही कारण नको. हाताला सवय होऊ द्या. तेजश्रीने नुसती हसून मान हलवली नाही, तर लगेच हातोडी मुक्ताबाईच्या हातात दिली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी चाळीस माणसांचे चाळीस ठोके. माझे अंग ठणकले, मित्रांनो, तक्रार करायची सोय असती तर केली असती. शिवकन्याचा ठोका सगळ्यात हलका होता. पहिल्या दिवशी तो मलाही नीट ऐकू आला नाही. पाचव्या दिवशी आला.

दहावा दिवस उजाडला. नमुना संध्याकाळी जायचा होता. यंत्र सकाळपासून सैल ब्रशवर चालू होते, पण गर बियांना चिकटून वाया जात होता. दुपारी अंगदने ब्रश अर्धाच फेरा आवळला. थोड्या वेळाने शिवकन्याने चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. मग ती उठली.

चाळीस जोडी डोळे तिच्याकडे लागले. अंगदनेही बघितले. तिने पदर कपाळावर ओढला, मागच्यासारखाच. हातोडी उचलली. आणि मला एक ठोका दिला. हलका होता, पण डोंगरापर्यंत गेला असे मला वाटले. यंत्र थांबले. ती मान खाली घालून बाजूला उभी राहिली.

अंगद यंत्रामागून बाहेर आला. तो सरळ शिवकन्याकडे चालत गेला आणि त्याने हात पुढे केला. तिने हातोडी त्याच्या हातात दिली. हा आता काय करणार, या विचाराने मी तारेवर गारठलो. अंगदने ती उचलून मला दुसरा ठोका दिला.

"ब्रश म्या आवळला," तो म्हणाला. "मागल्या टायमालाबी म्याच आवळलाता. आजपासून शिवकन्यानं चाखल्याबिगर माझी मशीन पुढं सरकणार न्हाई."

भायाने भावजयीचे नाव सर्वांसमोर मानाने घेतले होते. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा धक्का, आणि त्याने माझे अंग दुखले नाही. शिवकन्याने पदराने डोळे टिपले आणि पुन्हा चमचा धुतला. अंगदने ब्रश अर्धा फेरा सैल केला. कडवट गर बाजूला ओतला गेला आणि नमुना संध्याकाळी वेळेवर गेला.

पाच दिवसांनी कंपनीचा होकार आला. त्याच आठवड्यात गावातले ट्रक भरून निघाले. शिवकन्याच्या घरचा कोयता भिंतीवर टांगलेलाच राहिला, हे मुक्ताबाईने बैठकीत सांगितले. संस्कृती तिसरीत आहे. शनिवारी शाळा लवकर सुटली की ती इथे येते आणि टाचा उंचावून मला एक ठोका देते. कुणी तिला ओरडत नाही.

मित्रांनो, मला तेल-रॉकेल नसले तरी चालेल, पण मला टाकीमागे टाकू नका. आणि घंटा टांगून ठेवली म्हणजे काम झाले असेही समजू नका. तुम्हीही उद्या कुठे कप्तान व्हाल, मॉनिटर व्हाल, दहा माणसांच्या पुढे उभे राहाल. तेव्हा तुमच्यापर्यंत न आलेला ठोका कुणाचा आहे, ते शोधा. ज्याला तोंडाने सांगता येत नाही, तो कुठेतरी एखादे झाकण उलटे ठेवून गेलेला असतो. ते सुलटे करायला हात पुढे केलात, तर आधी थांबा आणि विचारा, हे कुणी ठेवले आणि का.